पायाखालचं अ‍ॅमस्टरडॅम

आज आपण अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या शहरातून चालणार आहोत. चालणार म्हणजे अर्थात नकाशावर. पण ज्यांना पुढेमागे प्रत्यक्ष जायचं आहे त्यांना हा रस्ता जसाच्या तसा वापरता येईल, अशा बेतानेच आम्ही तो आखला आहे. सगळं अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आत आहे. रमतगमत गेलात तर अर्धा दिवस पुरतो.

आपल्याकडून युरोपच्या सहलीला जाणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे शहर अर्धा दिवसच येतं. सकाळी ट्युलिपची बाग, दुपारी हिऱ्यांना पैलू पाडायचा कारखाना, मग तासभर काचेच्या छताच्या बोटीतून कालव्यांची फेरी, आणि बस पुढच्या देशाला निघते. त्यात वाईट काही नाही. बोटीतून शहर सुंदरच दिसतं. पण बोटीतला तो ध्वनिमुद्रित आवाज आपल्याला सारखा वर बघायला लावतो: हे छप्पर बघा, तो मनोरा बघा. आमचं म्हणणं असं की या शहरात आधी खाली बघावं. पाणी कुठवर आहे, भिंत कशावर उभी आहे, घर कुठल्या बाजूला कललं आहे. एकदा हे कळलं की वरचं सगळं आपोआप वाचता येऊ लागतं. इथे चारशे वर्षांपूर्वी काहीतरी बांधलं आणि ते तसंच राहिलं, असं झालेलं नाही. ते सतत धरून ठेवावं लागलं, आणि दोन-तीनदा तर ते हातचं जाता जाता वाचलं.

उच्चाराचं एक सांगून टाकतो. कालव्याला डच भाषेत जो शब्द आहे तो आपण ‘ग्राख्त’ असा लिहू. त्यातला ‘ग’ घशातून येतो, ‘ख’च्या जवळ जातो. रस्त्याच्या नावाच्या शेवटी ‘ग्राख्त’ दिसलं की समजायचं, इथे पाणी आहे. किंवा एके काळी होतं.

सुरुवात रेल्वे स्थानकातून करू, कारण बहुतेक लोक तिथेच उतरतात. १८८९ मध्ये सुरू झालेलं हे स्थानक पिएर काउपर्स या वास्तुशिल्पकाराचं. ते उभं आहे पाण्यात भर घालून केलेल्या बेटांवर आणि त्याखाली ८,६८७ लाकडी खांब आहेत. स्थानकाच्या मागे जे रुंद पाणी दिसतं त्याचं नाव ‘आय’. पूर्वी हाच शहराचा दर्शनी भाग होता. समुद्रावरून येणारी गलबतं थेट इथे लागायची, शिडांच्या काठ्यांचं रान दिसायचं. स्थानक बांधलं आणि शहराने स्वतःच्या बंदराकडे पाठ फिरवली. त्या वेळी यावर बरीच टीका झाली होती, आणि नकाशा पाहिला की टीकाकारांचं म्हणणं आजही पटतं.

स्थानकासमोरचा रस्ता, डामराक, सरळ डाम चौकात जातो. हा मोठा रस्ता खरं तर आम्स्टल नदीचं मुख आहे. त्याचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकात बुजवला. तेराव्या शतकात या नदीवर एक बांध घातला गेला, तो बांध म्हणजे डाम, आणि म्हणून आम्स्टल-डाम. गावाचा पहिला लेखी उल्लेख २७ ऑक्टोबर १२७५ चा आहे. काउंट फ्लोरिस पाचवा याने बांधाजवळच्या लोकांना जकात माफ केली, त्याचा तो कागद. म्हणजे शहराचा जन्मदाखला हा करमाफीचा कागद आहे. व्यापारी गावाला याहून शोभणारं दुसरं काय असणार?

डाम चौकातला राजवाडा मुळात राजवाडा नव्हता. याकोब फान काम्पेन याने आखलेलं ते नगरभवन होतं. १६४८ मध्ये काम सुरू झालं, १६५५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या पायात १३,६५९ लाकडी खांब आहेत. हा आकडा तिथली शाळकरी मुलं कसा लक्षात ठेवतात माहीत आहे? वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक, मागे नऊ. झालं.

आता हे खांब कशाला? कारण इथली जमीन म्हणजे दलदलीचा मऊ पीट आणि चिखल. त्यावर विटांची भिंत उभी केली की ती खचणारच. साधारण बारा मीटर खाली घट्ट वाळूचा थर लागतो. तिथपर्यंत पाइनचे सरळसोट ओंडके ठोकायचे, त्यांची डोकी एका पातळीत कापायची, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर विटा. बरंचसं लाकूड नॉर्वे आणि बाल्टिकच्या बाजूने जहाजांनी यायचं. खांब ठोकायला माणसांची टोळी असायची. सगळे मिळून दोरांनी जड ठोकळा वर ओढायचे आणि सोडून द्यायचे. ताल चुकू नये म्हणून मुकादम गाणं म्हणायचा. खांब ठोकण्याची ही गाणी डच लोकगीतांमध्ये वेगळा प्रकार म्हणून ओळखली जातात.

इथे चॅटमध्ये एक प्रश्न आलाय, आणि तो नेमका आपल्या वाटेवरचा आहे: लाकूड पाण्यात कुजत नाही का? नाही कुजत, पूर्ण बुडालेलं असेल तर. लाकूड खाणाऱ्या बुरशीला हवा लागते. खांबांची डोकी सतत भूजलाखाली राहिली तर ती शतकानुशतकं टिकतात. काही जिवाणू पाण्याखालीही लाकूड पोखरतात, पण फार हळू. खरा धोका पाणी उतरण्याचा. पातळी थोडी खाली गेली, खांबाचं डोकं उघडं पडलं, तिथे हवा लागली, की बुरशी कामाला लागते. मग घर खचतं, आणि खचतं ते कधीच सगळ्या बाजूंनी सारखं खचत नाही. म्हणजे गंमत बघा, समुद्रसपाटीच्या या देशात पुराची भीती तर सगळ्यांना माहीत असते, पण अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या घराला पाणी कमी होण्याचीही तितकीच भीती आहे. पाणी वर चढून चालत नाही, खाली जाऊनही चालत नाही. ते जिथे आहे तिथेच राहिलं पाहिजे.

याचा पुरावा आपल्या रस्त्यावर थोडं पुढे आहे, तिथे पोचू. आधी डामवरून रोकिनकडे. हाही बुजवलेल्या पाण्याचा रस्ता. इथल्या मेट्रो स्थानकात तिकीट काढून खाली उतरा, गाडीत बसायचं नसलं तरी. सरकत्या जिन्यांच्या मधल्या जागेत काचेखाली सुमारे दहा हजार वस्तू मांडल्या आहेत. मेट्रोसाठी नदीचा जुना तळ खणला तेव्हा सुमारे सात लाख वस्तू आणि तुकडे निघाले, त्यांतल्या या निवडक. चाव्या, दात, चिलमी, नाणी, हाडं, मोबाइल फोन. आम्हाला विचाराल तर शहरातलं सगळ्यात प्रामाणिक संग्रहालय हेच. कुणी देणगी दिलेली नाही, कुणी मिरवायला ठेवलेलं नाही. लोकांच्या हातून जे पाण्यात पडलं किंवा लोकांनी जे फेकलं, तेवढंच.

याच मेट्रोची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही उत्तर-दक्षिण मार्गिका २०१८ मध्ये सुरू झाली. पण २००८ मध्ये फेइझलग्राख्तवर खोदकामाच्या भिंतीतून पाणी आणि माती आत आली आणि रस्त्यावरची जुनी घरं काही सेंटिमीटर खाली बसली. माणसं रातोरात घराबाहेर. खांबांवर उभ्या असलेल्या शहरात भुयार खणणं म्हणजे काय, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

रोकिनपासून पाच मिनिटांवर ग्रिमबर्गवाल आहे. विद्यापीठाच्या इमारतींमधला एक छोटासा, देखणा कालवा. १ सप्टेंबर २०२० ला त्याच्या काठाची भिंत कोसळली. अक्षरशः पाण्यात गेली. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. कालव्यांच्या काठाच्या भिंतीही लाकडी खांबांवरच उभ्या आहेत, आणि त्या बांधल्या घोडागाड्यांच्या काळात. त्यांच्यावरून आज ट्रक जातात, कचऱ्याच्या गाड्या जातात, काठाला मोटारी उभ्या राहतात. शहरात अशा लाकडी खांबांवरच्या सुमारे २०० किलोमीटर भिंती आहेत, आणि त्या तपासून दुरुस्त करण्याचं काम कित्येक वर्षं चालणार आहे. तुम्ही फिरताना काठाला लागून पोलादी पत्रे ठोकलेले दिसतील, मध्ये वाळू भरलेली. फोटो बिघडतो म्हणून लोक हळहळतात. पण तो पत्रा नसता तर फोटोत मागची घरं किती दिवस राहिली असती, हा प्रश्न आहे.

इथून आऊडे होखस्ट्राट या रस्त्याने एका विटांच्या इमारतीच्या चौकात शिरता येतं. हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय. कंपनी स्थापन झाली १६०२ मध्ये. हिचे सतरा संचालक जेव्हा इथे बैठकीला जमायचे तेव्हा जाव्यापासून मलबारपर्यंतच्या लोकांचं काय करायचं ते ठरायचं. आता इथे विद्यापीठाचे वर्ग भरतात. सायकली लावलेल्या असतात, मुलं डबे खात बसलेली असतात. बहुतेक पर्यटक या चौकात येतच नाहीत.

मराठी माणसाने मात्र इथे दोन मिनिटं थांबावं. शिवकाळातल्या आपल्या कागदपत्रांत ‘वलंदेज’ हा शब्द येतो, तो या लोकांसाठी. वेंगुर्ल्याला डच वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि त्यांची कोंडी करायला वेंगुर्ल्याचं बंदर कंपनीला सोयीचं होतं. वेंगुर्ल्याहून निघालेला हिशोब शेवटी जिथे वाचला जायचा ती जागा ही. इथली वीट आणि तिथला जांभा एकाच खातेवहीत होते.

आणि खातेवही उघडलीच आहे तर पुढचं पानही उलटू. १६२१ मध्ये वेस्ट इंडिया कंपनी निघाली. ती आफ्रिकेतून माणसं पकडून अमेरिकेत विकण्याच्या धंद्यात उतरली. सुरिनाम ही वसाहत चालवणाऱ्या मंडळात १६८३ पासून खुद्द अ‍ॅमस्टरडॅम शहर भागीदार होतं. म्हणजे हा कुणा एका व्यापाऱ्याचा खासगी उद्योग नव्हता, नगरपालिकेचाच पैसा त्यात होता. १ जुलै २०२१ ला महापौर फेमके हाल्सेमा यांनी शहराच्या वतीने माफी मागितली, आणि २०२३ मध्ये त्याच तारखेला राजा विलेम-अलेक्झांडर यांनी. १ जुलै ही १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द झाल्याची तारीख. पुढे आपण श्रीमंत घरांसमोर उभे राहू तेव्हा हे विसरायचं नाही. पण उलट टोकालाही जायचं नाही. सगळी संपत्ती तिथूनच आली असंही नव्हे. बाल्टिकचं धान्य आणि लाकूड, हेरिंग मासळी, जहाजबांधणी यांनी या शहराला आधी उभं केलं होतं.

पुढे न्यूमार्क्ट चौकाच्या बाजूने सिंट आन्तोनीसब्रेस्ट्राटवर या. इथे एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. रस्ता जुना, अरुंद आहे. छोटा पूल ओलांडला की तोच रस्ता एकदम रुंद होतो आणि पुढे हमरस्त्यासारखा सुटतो. असं का? याचं उत्तर फार वेदनादायक आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुलाच्या पलीकडचा भाग म्हणजे जुनी ज्यू वस्ती. रेम्ब्रांटचं घरही याच रस्त्यावर, तो तिथे १६३९ पासून वीसेक वर्षं राहिला. दुसऱ्या महायुद्धाआधी अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुमारे ८० हजार ज्यू राहत. जर्मन ताब्याच्या काळात त्यांना वेचून वेचून नेलं गेलं, आणि बहुतेक परत आले नाहीत. वस्ती रिकामी झाली. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. डच लोक त्याला भुकेचा हिवाळा म्हणतात. अन्न नाही, कोळसा नाही. गारठलेल्या शहराने या रिकाम्या घरांतलं लाकूड ओरबाडून जाळलं. जिने, तुळया, तक्तपोशी, सगळं. तुळया गेल्या की विटांची भिंत किती उभी राहणार? घरं कोसळली. युद्धानंतर आखणीकारांना तिथे मोकळी जागा दिसली, आणि मोकळ्या जागेवर त्यांनी रुंद रस्ता आखला. तो शहराच्या मध्यातून थेट पुढे जाणार होता. खाली मेट्रो, वर मोटारी.

१९५० च्या दशकात तर शहराच्या पोलीस प्रमुखाने वाहतुकीसाठी कालवेच बुजवावेत अशी योजना मांडली होती. ती बारगळली. पण न्यूमार्क्टची पाडापाडी खरोखर सुरू झाली. ती अडवली तिथल्या रहिवाशांनी, विद्यार्थ्यांनी, रिकाम्या घरांत घुसून राहणाऱ्या तरुणांनी. मार्च १९७५ मध्ये पोलिसांशी मोठी झटापट झाली. घरं पाडली गेली, मेट्रोही झाली. म्हणजे आंदोलन हरलं असं म्हणायचं. पण रुंद रस्ता मात्र रद्द झाला. डे पिंटो नावाच्या श्रीमंत ज्यू कुटुंबाची सतराव्या शतकातली हवेली त्या रस्त्याच्या आड येत होती, ती वाचली. म्हणून आजही रस्ता तिथे येऊन अरुंद होतो. पाडलेल्या घरांच्या जागी पुन्हा घरंच बांधली, आणि तीही सामान्य लोकांना परवडतील अशी. न्यूमार्क्टच्या मेट्रो स्थानकात त्या लढ्याच्या खुणा कलाकृती म्हणून ठेवल्या आहेत. ज्याच्यासाठी घरं पाडली त्याच स्थानकात, हे विशेष. १९७५ च्या त्या लोकांनी धरून ठेवलं नसतं तर आज पर्यटक ज्यासाठी येतात त्यातलं बरंचसं शिल्लक नसतं.

रुंद रस्त्याने थोडं पुढे वेस्परस्ट्राटवर २०२१ मध्ये उघडलेलं नावांचं स्मारक आहे. एकेका विटेवर एकेक नाव, अशी १ लाख २ हजारांहून जास्त नावं. डॅनियल लिबेस्किंड यांनी ते आखलं. तिथे आम्ही काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.

आता मघाशी म्हटलेला पुरावा. जवळच नगरपालिका आणि ऑपेरा एकाच इमारतीत आहेत, तिला स्टोपेरा म्हणतात. आतल्या वाटेत काचेचे पाण्याने भरलेले खांब दिसतील. दोन खांबांत समुद्रकिनाऱ्यावरच्या दोन ठिकाणची त्या घडीची पातळी दिसते, तिसऱ्यात १९५३ च्या महापुराची, ती आपल्या डोक्याच्या खूप वर. आणि तिथेच पितळेची एक गोल खूण आहे. हा शून्य. १६८३-८४ मध्ये शहराने आय पाण्याच्या भरतीची सरासरी उंची मोजली, आणि नगराध्यक्ष व गणिती योहानेस हुडे यांच्या काळात पाणदरवाज्यांमध्ये आठ संगमरवरी दगड बसवून त्यावर या पातळीपासून मोजलेली समुद्रबांधाची उंची कोरली. त्यातून पुढे जी पातळी ठरली ती आज ‘अ‍ॅमस्टरडॅमची प्रमाण पातळी’ म्हणून ओळखली जाते. युरोपातल्या कित्येक देशांच्या उंचीची मोजणी या शून्याशी जोडलेली आहे. कालव्यांचं पाणी या शून्याच्या सुमारे ४० सेंटिमीटर खाली ठेवतात. ठेवतात, हा शब्द महत्त्वाचा. झडपा, पंप, पाणदरवाजे सतत ते काम करत असतात. गरजेप्रमाणे रात्री दरवाजे लावून बाहेरच्या तलावाचं ताजं पाणी आत ढकलतात आणि कालवे धुऊन काढतात. पूर्वी या कालव्यांना भयंकर वास यायचा, सगळं सांडपाणी त्यातच. आता उन्हाळ्यात लोक पोहतातही. सायकलींपासून मात्र सुटका नाही. दर वर्षी बारा ते पंधरा हजार सायकली गाळातून वर काढाव्या लागतात. तिथले लोक म्हणतात, कालवा तीन मीटर खोल: एक मीटर चिखल, एक मीटर सायकली, एक मीटर पाणी.

इथून पूल ओलांडून आपण पोस्टकार्डांवरच्या अ‍ॅमस्टरडॅममध्ये येतो. अर्धवर्तुळात एकामागे एक कालवे. सगळ्यात आतला सिंगल, तो जुना खंदक. मग हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त. म्हणजे सरदार-धनिकांचा, बादशहाचा आणि राजपुत्राचा कालवा. १६१३ मध्ये पश्चिमेकडून खोदायला सुरुवात झाली, १६६० च्या दशकात पूर्वेकडचा भाग. अँटवर्प १५८५ मध्ये पडल्यावर तिथले व्यापारी आणि कारागीर इकडे आले होते. सोळाशेच्या सुमारास साठेक हजारांचं शहर शतकाच्या शेवटी दोन लाखांवर गेलं. जागा हवीच होती. आणि जागा म्हटली की जे होतं ते तिथेही झालं. शहर कुठे वाढणार हे ज्यांना आधी कळत होतं, त्या कारभाऱ्यांपैकी काहींनी वेशीबाहेरच्या जमिनी आधीच घेऊन ठेवल्या. फ्रान्स ऊटखेन्स या नगराध्यक्षाचं नाव त्यात गाजलं, आणि सी. पी. होफ्ट या दुसऱ्या नगराध्यक्षाने सभेत त्याविरुद्ध आवाज उठवला. २०१० मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या कालव्यांच्या पोटात हे प्रकरणही आहे. आपल्याला हे समजवायला फार उदाहरणं द्यावी लागत नाहीत.

प्लॉट पाडून लिलावाने विकले. हेरेनग्राख्तवर प्लॉटची रुंदी साधारण साडेआठ मीटर, आणि मागे खोली भरपूर. पाण्यावरची जागा महाग, म्हणून घर अरुंद आणि खोल. ज्यांच्याकडे पैसा जास्त त्यांनी दोन-दोन प्लॉट घेतले. ‘सोनेरी वळण’ म्हणतात त्या भागात अशीच दुप्पट रुंद घरं आहेत. मागच्या बागांवर बांधकाम करायचं नाही, लोहार-पिंपकार-साखर शिजवणारे यांनी इथे धंदा मांडायचा नाही, असे नियम विक्रीच्या वेळीच घातले होते. कारागिरांना आडवे रस्ते. कातडी कमावणाऱ्यांच्या आठवणी तिथल्या रस्त्यांच्या नावांत राहिल्या आहेत: हरणाचा रस्ता, लांडग्याचा रस्ता, अस्वलाचा, कातड्यांचा. आता तिथे महागडे कपडे आणि कॉफी.

घरं वाचायची एक युक्ती. वर माथ्यावर बाहेर आलेला वासा आणि त्याला आकडा दिसेल. जिना इतका अरुंद आणि उभा की कपाट चढत नाही, म्हणून सामान कप्पी-दोराने बाहेरून वर घ्यायचं. आजही घर बदलताना तसंच घेतात. दर्शनी भिंत मुद्दाम पुढे झुकलेली बांधली आहे, ओझं भिंतीवर आपटू नये म्हणून. तेव्हा घर पुढे झुकलं असेल तर ती गवंड्याची करामत. पण शेजारच्या घरावर रेलत असेल, तर खाली खांबाचं काहीतरी बिनसलं आहे. या शहरात तुम्हाला दोन्ही प्रकार दिसतील, कधी कधी एकाच घरात.

घर अरुंद आणि खोल असल्याने पुढचं घर आणि मागचं घर असे दोन भाग असायचे, मध्ये उजेडासाठी छोटी मोकळी जागा. रस्त्यावरून मागचं घर अजिबात दिसत नाही. प्रिन्सेनग्राख्त २६३ इथे अ‍ॅनच्या वडिलांचा, ओट्टो फ्रँक यांचा व्यवसाय होता. पुढे कचेरी आणि गोदाम, मागे रिकामं घर. जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत आठ माणसं त्या मागच्या घरात लपून राहिली. अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचं १९४७ चं मूळ डच नाव ‘मागचं घर’ असंच आहे. मराठीत आपण ‘डायरी’ म्हणतो तेव्हा हे हरवतं. सतराव्या शतकात जमीन मोजून प्लॉट पाडणाऱ्याच्या मनातही नसेल अशा कामाला त्याची रेघ आली, दोन वर्षं का होईना.

पलीकडे यॉर्डान. इथे रस्ते एकदम तिरके होतात, कारण शहराने इथे नीट आखणी केलीच नाही. कुरणांमधले जुने चरच कालवे झाले, पायवाटा रस्ते झाल्या. कामगारांची, निर्वासितांची दाटीवाटीची वस्ती. रोझेनग्राख्त, लिंडेनग्राख्त अशी नावं दिसतील पण पाणी नाही. हे कालवे एकोणिसाव्या शतकात बुजवले. गरिबांच्या दारातले कालवे आधी बुजवले गेले, धनिकांच्या दारातले राहिले. यॉर्डान आज मात्र गरिबांना परवडत नाही.

हा प्रश्न आता सगळ्या जुन्या शहराचा झाला आहे. घर सुट्टीसाठी भाड्याने द्यायचं तर वर्षातून ३० रात्रींची मर्यादा घातली. पर्यटकांवरचा कर २०२४ पासून मुक्कामाच्या भाड्याच्या साडेबारा टक्के केला. संग्रहालयांसमोरची ती मोठी अक्षरं, ज्यांवर चढून सगळे फोटो काढायचे, ती २०१८ च्या डिसेंबरमध्ये हलवली. रहिवाशांनी अर्ज करून महापालिकेला वर्षाला दोन कोटी मुक्कामांची कमाल मर्यादा ठरवायला लावली. ती ओलांडलीही गेली. आमचं मत असं की कर आणि मर्यादा यांनी थोडंच होईल. शेवटी तिथे भाजी घेणारा, मुलं शाळेत सोडणारा, रात्री खिडकीत दिवा लावणारा माणूस राहिला पाहिजे. १९७५ मध्ये रस्त्यावर उतरायला तिथे रहिवासी होते. पुढच्या वेळी कोण असेल?

शेवटी दोन प्रश्न घेतो. एकांनी विचारलंय, दोनच तास असतील तर काय बघावं? डाम, मग रोकिन स्थानकातल्या वस्तू, ग्रिमबर्गवाल, कंपनीचा चौक, आणि स्टोपेरातला शून्य. तिकीट फक्त मेट्रोचं. दुसरा प्रश्न, अ‍ॅन फ्रँकच्या घराचं तिकीट मिळत नाही, काय करावं? ते दारात मिळत नाहीच, फक्त ऑनलाइन. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटं खुली होतात आणि भराभर संपतात. तेव्हा विमानाच्या तिकिटाबरोबरच तो मंगळवारही कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि आत जिना फार उभा आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर आधी चौकशी करून जा.